उचकापाचकीचा कप्पा: सव्वा वर्षाच्या बाळाला घरातल्या वस्तू कशा हाताळू द्यायच्या

आमची लेक सव्वा वर्षाची आहे. चालायला लागून दोनेक महिने झाले आणि तेवढ्यात घरातला कमरेखालचा एकही कप्पा, ड्रॉवर, पिशवी, चपलांचं कपाट तिने सोडलेलं नाही, जिथे हात पोचतो तिथलं सगळं बाहेर. मध्यंतरी एका रविवारी सगळे घरी होते तेव्हा मी सहज मोजत बसले की सकाळी उठल्यापासून दुपारी झोपेपर्यंत "नको", "ठेव ते", "हात नाही लावायचा", "शी, टाक" हे तिला किती वेळा ऐकायला लागतं. एकसष्ट वेळा! मी, नवरा, सासूबाई, सासरे, चौघांचं मिळून. त्यात खरंच धोक्याच्या गोष्टी किती होत्या तर चार, बाकी सत्तावन्न वेळा आम्हाला पसारा नको होता किंवा नुसती तोंडाला सवय लागलेली होती.

मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण ही पोर काही मोडायला बसलेली नसते, तिला फक्त बघायचं असतं की हे काय आहे. त्यानंतर आम्ही घरात जे जे बदललं ते लिहितेय, ज्यांच्याकडे आठ-नऊ महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतचं मूल आहे त्यांना उपयोगी पडेल. गाभा एवढाच की जे धोक्याचं आहे ते उचलून खरंच लांब ठेवायचं, तिथेच ठेवून दिवसभर नको नको करत बसायचं नाही, आणि जे धोक्याचं नाही ते खरंच तिच्या हातात द्यायचं.

आधी स्वतः रांगा

हो, खरंच. ड्रेस-गाऊन आवरून घ्या आणि हॉलपासून बाथरूमपर्यंत हातापायांवर एक फेरी मारा. उभं राहून बघितलं तर निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत. मला सोफ्याखाली एक सेफ्टी पिन मिळाली, देवघराच्या खालच्या खणात काडेपेटी आणि कापराची डबी, सासऱ्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बीपी-शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप, आणि डासांच्या मशीनची रिफिल अगदी जमिनीलगतच्या सॉकेटमध्ये, म्हणजे तिच्या नाकासमोर.

यातल्या दोन गोष्टींवर जरा जोर देऊन सांगते कारण आपल्या घरांमध्ये त्या सहज पडलेल्या असतात. कापूर दिसायला खडीसाखरेसारखा असतो आणि लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी काही मिनिटांत फिट येऊ शकते, तेव्हा तो देवाजवळचा आहे म्हणून खाली ठेवू नका, वर फडताळात ठेवा. डांबरगोळ्यांचंही तेच. आणि आजी-आजोबांची औषधं, खास करून शुगरची गोळी, एक जरी मुलाने गिळली तरी रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. मोठी माणसं गोळ्या उशाशी, शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या केसमध्ये ठेवतात, त्यांना ओरडून उपयोग नाही, आम्ही सासऱ्यांना फ्रिजवर एक झाकणाचा डबा करून दिला आणि फोनला गजर लावून दिला, आता ते तिथूनच घेतात.

फिनेल, टॉयलेटचं ॲसिड, रॉकेल, थिनर हे कधीही पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. मुलाने असलं काही प्यायलं असा संशय आला तर उलटी काढायची नाही, जाताना आणि येताना दोन्हीकडून घसा भाजतो, रॉकेल असेल तर फुप्फुसात जातं. बाटली सोबत घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८.

बादली. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही, विषय संपला. पाणी आठवड्यातून दोनदा येत असलं तरी पिंपाला घट्ट झाकण आणि बाथरूमला बाहेरून कडी. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, ते वाकून डोकावतं, तोल जातो आणि परत वर येता येत नाही, दोन-तीन इंच पाणीसुद्धा पुरतं आणि आवाजही होत नाही. हीटरचा रॉड टाकलेली बादली तर मूल असलेल्या घरात नकोच.

विजेचं म्हणाल तर खालच्या सॉकेटना प्लास्टिकची झाकणं मिळतात ती लावा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घराच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण मधूनमधून दाबून तो पडतोय का बघा. आमचं घर जुनं, त्यात नव्हताच, बसवून घेतला. बाल्कनीत आणि खिडकीखाली स्टूल, कुंडी, खुर्ची, चढायला उपयोगी पडेल असं काहीही नको.

स्वयंपाकघरात कुकर, कढई मागच्या शेगडीवर, कढईचा दांडा आतल्या बाजूला. जमिनीवर बसून जेवणाऱ्यांनी गरम आमटीचं पातेलं मध्ये ठेवायची सवय काही वर्षं सोडायची. आणि मूल मांडीवर असताना चहा प्यायचा नाही, मला हे सगळ्यात अवघड गेलं. विळी खिळ्याला उंच टांगायची, मिटवून ओट्याखाली ठेवली तरी ती उघडता येते.

बारीक वस्तूंचं एक माप लक्षात ठेवा

टिश्यू पेपरचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी टाकू नका. साधारण चार सेंटीमीटर रुंद असते. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला एकट्याला द्यायची नाही, इतकं सोपं. खेळणी तपासायला जो छोटा सिलेंडर वापरतात तो ३.१७ सेंटीमीटरचा असतो, म्हणजे आपली नळी त्याहून जरा कडकच माप लावते, चांगलंच आहे. नाणी, बटणं, बाटल्यांची झाकणं, पेनाची टोपणं, द्राक्षं, सगळं यातून आरपार जातं. शेंगदाणे, फुटाणे, चणे अख्खे द्यायचे नाहीत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नाहीच, कूट करून द्या. दाणा श्वासनळीत जाऊन बसणं हे आपल्याकडे नेहमी घडतं आणि तो एक्सरेमध्ये दिसतही नाही.

आता बटण सेल, आणि हे मी अनुभवातून सांगतेय. दिवाळीला आणलेल्या बॅटरीवरच्या पणत्या एका पिशवीत होत्या, ती पिशवी कपाटाच्या खालच्या खणात, आणि माझ्या डोक्यातच नव्हतं की त्या पणतीच्या बुडाशी चपटा गोल सेल असतो. एका संध्याकाळी ती पणती घेऊन बसलेली दिसली, झाकण उघडं, सेल गायब. तिच्या तोंडात बोट फिरवलं, काही नाही, ती हसतेय. सगळं घर पालथं घातलं, दहा मिनिटं, मग सासूबाई म्हणाल्या, "शोधत नको बसूस, आधी डॉक्टरकडे ने." तसंच उचललं आणि गेलो, एक्सरे काढला, पोटात-घशात काही नव्हतं. सेल दुसऱ्या दिवशी सतरंजीच्या घडीत सापडला. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते कायमचं बसलंय डोक्यात: हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही आतून भाजायला लागतं, त्यामुळे संशय आला की वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, एक्सरे. मी तोंडात बोट घातलं तेही चुकलंच होतं, दिसत असेल तरच काढायचं, चाचपडत बोट घातलं तर वस्तू अजून आत ढकलली जाते. आता घरात रिमोट, वजनकाटा, गाणारी ग्रीटिंग, पणत्या, ज्याला ज्याला स्क्रू नसलेलं झाकण आहे त्याला चिकटपट्टी मारलेली आहे किंवा ते घराबाहेर गेलंय. लोहचुंबकाच्या बारीक गोळ्याही गेल्या, दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना चिकटतात.

घास किंवा वस्तू अडकून मूल खोकूही शकत नसेल तर वर्षाखालच्याला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, पुन्हा थापा. वर्षावरच्याला वाकवून पाठीवर पाच थापा आणि मग मागून मिठी मारल्यासारखं धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. वाचून पुरत नाही, तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना पुढच्या लसीच्या वेळी करून दाखवायला सांगा, घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

आता कप्पा

इथपर्यंतचं काम एका शनिवार-रविवारात होतं. आणि हे केलं म्हणूनच पुढचं निवांतपणे करता येतं.

ओट्याखालची सगळ्यात खालची ट्रॉली तिची. आमच्याकडे तिथे जास्तीचे डबे होते, ते माळ्यावर टाकले. ट्रॉली नसेल तर फडताळाचा खालचा खण, तोही नसेल तर एक टोपली किंवा परात, काहीही चालतं, फक्त जागा ठरलेली हवी आणि ती स्वयंपाकघरातच हवी, कारण तिला तुम्ही जिथे आहात तिथेच उचकायचं असतं.

आत काय ठेवायचं? लाकडी पळी, छोटं लाटणं, स्टीलच्या चढत्या मापाच्या चार वाट्या, एक फुलपात्र, चहाची गाळणी, पिठाची बारीक चाळणी, झाकणाचा डबा, रवी, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती फडक्याची एक घडी, जुनं पण धुतलेलं पाकीट, भाजी घासायचा काथ्याचा ब्रश. एका वेळी दहा-बारा वस्तू पुरतात, जास्त ठेवल्या तर ती नुसत्या बाहेर फेकते आणि निघून जाते. दर रविवारी दोन-तीन बदलते, जुन्या महिन्याभराने परत येतात तेव्हा त्या नव्याच असतात तिच्यासाठी. किसणी, सोलाणं, काटे चमचे, काच, चिनीमाती, सोलपटं निघालेलं प्लास्टिक, तुटका दांडा, गंज, हे नाही. आठवड्यातून एकदा सगळं साबणाने धुवायचं आणि दांडा हलतोय का, कड निघालीय का ते बोट फिरवून बघायचं.

प्लास्टिक मी मुद्दाम जवळजवळ ठेवलेलं नाही. प्लास्टिकचा बॉल, प्लास्टिकचं घर, प्लास्टिकचा हत्ती, तिन्ही हाताला सारखेच लागतात, वास तोच, वजन तेच. स्टीलची वाटी सकाळी गार असते आणि उन्हात ठेवली की ऊबदार, लाटण्याला लाकडाचा वास असतो, काथ्या टोचतो. एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या ब्रिटिश बाईंनी नेमकं हेच धरून बसत्या बाळांसाठी घरगुती वस्तूंची टोपली सुचवली होती. आणि आपल्याकडे तर ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत, पुढे कोसबाडला, तिथे माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती तर शंख-शिंपले, बिया, दगड, पानं यांवर बालवाड्या चालवल्या. हे वाचलं तेव्हा मी ऑनलाइन कार्टमधलं साडेतीन हजारांचं खेळणं काढून टाकलं.

आणि मग गप्प बसा

हे लिहायला सोपं आहे, करायला फार कठीण. कप्पा उघडून दिला की आपण शेजारी बसायचं, मोबाइल लांब, आणि काहीही शिकवायचं नाही. "हा चमचा, चमचा म्हण" नाही, "अशी नाही गं बाळा, अशी लाव" नाही.

एक दिवसाचं सांगते. तिने स्टीलचा डबा आणि त्याचं झाकण काढलं. झाकण उलटं ठेवलं, ते डगमगलं. बोटाने दाबलं, दुसरी बाजू वर आली. परत दाबलं. मग झाकण उचलून तोंडाला लावलं आणि त्यात "आ" केलं, आवाज बदलला तशी ती थांबली, माझ्याकडे बघितलं, परत "आ". मग पुन्हा डब्यावर, सुलट, पण तिरकं, एक कड आत एक बाहेर. वरून थापट्या मारल्या. बसेना. काढलं, फिरवलं, परत ठेवलं. असं अकरा-बारा वेळा, आणि तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, श्वास जोरात. तेवढ्यात सासूबाईंनी प्रेमाने हात पुढे केला आणि टक्कन झाकण लावून दिलं, "हे बघ, असं." ती एक क्षण डब्याकडे बघत राहिली, उठली आणि बाहेर निघून गेली. परत त्या दिवशी तिने डबा हातात घेतला नाही. सासूबाईंनाच जास्त लागलं ते, "मीच घाई केली गं," म्हणाल्या, आणि आता त्या माझ्यापेक्षा जास्त शांत बसतात, हातात जपमाळ धरून. तीन दिवसांनी झाकण बसलं. टक् असा आवाज झाला आणि तिने दोन्ही हात वर केले.

हात मध्ये घालायचा तो दोनच वेळा: तिला काही इजा होणार असेल तेव्हा, किंवा तिने स्वतः वस्तू आणून आपल्या हातात ठेवली आणि वाट बघत उभी राहिली तेव्हा.

वस्तू खाली टाकणं याला मस्ती समजू नका. ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांच्या उद्योगांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या, त्यात त्याचा मुलगा दहा महिन्यांचा असताना उताणा पडल्या पडल्या हात वेगवेगळ्या दिशांना लांब करून खेळण्यातला हंस, मग डबी असं एकेक सोडतो आणि कुठे पडतंय ते बघतो असं आहे. तुमची लेकही वाटी सातव्यांदा टाकते तेव्हा तेच बघत असते. खालचे शेजारी वैतागणार असतील तर दुपारी एक ते चार जाड सतरंजी घाला आणि स्टीलऐवजी लाकूड-कापड द्या. कुणाच्या अंगावर फेकत असेल तर मात्र वस्तू शांतपणे काढून फडक्याचा चेंडू द्यायचा, "वाटी नाही, हा फेक."

"नको" हा शब्द आमच्याकडे आता चारच गोष्टींसाठी आहे: शेगडी, सॉकेट, बाल्कनीचं दार, रस्ता. तिथे मी जवळ जाऊन, हात धरून, आवाज खाली आणून सांगते. कमी वेळा ऐकू येतो म्हणून असेल, पण आता ती खरंच थांबते, म्हणजे पाचातून तीनदा तरी. उरलेल्या दोन वेळांसाठी आपण जवळ असायचं, या वयात आठवण राहून स्वतःला आवरणं त्यांना जमत नाही.

पसाऱ्याचं काय? पसारा होणार. आम्ही एक केलं, कप्प्याच्या वस्तू कप्प्यासमोरच्या चटईवरच. बाहेर नेल्या तर ओरडत नाही, परत आणून ठेवतो. आणि जेवणाआधी "चला, वाट्या घरी" म्हणत भरायचं, आधी मी दहा आणि ती एक, आता ती चार-पाच भरते. तिला काढण्याइतकंच आत टाकायलाही आवडतं, हे आधी माहीतच नव्हतं मला.

दीड वर्षानंतर खेळ खऱ्या कामाकडे सरकवा. मेथी निवडताना एक जुडी तिच्यापुढे, पोळ्या करताना कणकेचा एक गोळा आणि पोळपाट, धुतलेल्या वाट्या पुसायला फडकं. पाणी ओतायचं असेल तर परातीत दोन पेले पाणी आणि आपण तिथेच, संपलं की परात लगेच रिकामी. तांदूळ-डाळ चाळणीतून ओतायचा खेळ फार आवडतो, पण नाका-कानात घालण्याचं वय आहे, तेव्हा पूर्ण वेळ समोर बसणार असाल तरच काढा, भाजी परतता परतता नाही.

दुसऱ्यांच्या घरी जाताना मी एक छोटी कापडी पिशवी नेते, गाळणी, दोन वाट्या, एक झाकण, फडकं. त्यांच्या शोकेसमधल्या वस्तूंवरून दिवसभर लेकीच्या मागे धावण्यापेक्षा हे बरं पडतं. परवा नणंदेकडे गेलो होतो, तिथे तिने पिशवी स्वतः उपडी केली, गाळणी डोळ्यांना लावून सगळ्यांकडे बघत बसली, आणि नणंदेचा चार वर्षांचा मुलगा त्याची रिमोटची गाडी सोडून दुसरी वाटी घ्यायला तिच्याशेजारी येऊन बसला.